लायडनमध्ये डच शिकताना

लायडन विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी डच भाषा, साहित्य आणि संस्कृतीचा वेगळा पदवी अभ्यासक्रम आहे. सुरुवातीला सगळा भर भाषेवर. नामाआधी ‘दे’ हे उपपद लावायचं की ‘हेत’, हे बहुतेक वेळा पाठच करावं लागतं. पण मराठी माणसाला एक सोय आहे: ‘कारण’, ‘की’, ‘जर’ यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात डच क्रियापद शेवटी जातं. वर्गातली इटालियन मुलं तिथे अडखळायची, मला ते आपसूक जमायचं. त्रास वर्गाबाहेर. उच्चार जरा परका वाटला की दुकानदार लगेच इंग्रजीवर येतात. आपण नेटाने डचच बोलत राहायचं.

मग मुल्तातुली या डच लेखकाची ‘माक्स हाफेलार’ अभ्यासाला लागली आणि मला डच खऱ्या अर्थाने यायला लागली. 1860 सालची ही कादंबरी जावातल्या डच राजवटीवर आहे. तिची सुरुवात ॲमस्टरडॅमच्या एका कॉफीदलालाच्या तोंडून होते. त्याची लांबलचक वाक्यं मी मोठ्याने वाचायचे, पेन्सिलीने कर्ता-क्रियापदाच्या जोड्या लावायचे. पुढे सैजाची गोष्ट येते. त्याच्या बापाचा रेडा जिल्ह्याचा देशी अंमलदार काढून नेतो. बाप वडिलोपार्जित कट्यार विकून दुसरा घेतो, तोही जातो. एका रेड्यापायी एवढं दुःख का, असं वर्गात कुणीतरी विचारलं. मी कोकणातली. जोत मोडलं की चिखलणी राहते, लावणी हुकते आणि वर्षाचं भात जातं, हे मी सांगत सुटले, आणि शब्द शोधावे लागले नाहीत.

प्रबंधासाठी मी वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा पत्रव्यवहार निवडला. ही वखार 17व्या शतकातली, डच ईस्ट इंडिया कंपनीची. कंपनीची कागदपत्रं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सगळी मिळून एक किलोमीटरहून लांब फडताळं भरतील इतकी. त्या काळचं वळणदार हस्ताक्षर लावायला वेगळं शिकावं लागतं. आधी छापील लिप्यंतर शेजारी ठेवून वाचायचं, मग हळूहळू ते बाजूला सारायचं. वखारवाले मालाच्या भावाबरोबर शिवाजी महाराजांच्या हालचालीही वरिष्ठांना कळवत. शिवकाळाची ही साधनं इंग्रजी भाषांतरावर न विसंबता मुळातून वाचणारे मराठी अभ्यासक हवेत, असं मला मनापासून वाटतं. कुणाला यायचं असेल तर डचचा पाया भारतातच घालून या; इथे आल्यावर वाचनाला वेळ मिळतो.