सहा एफ

दुपारी जेवण झाल्यावर काम सुरू करणं जिवावर येतं. अशा वेळी मी फायलींच्या पोटात डोकावतो. टर्मिनल उघडायचं, एखादी फाइल हेक्स डम्पला द्यायची आणि बघत बसायचं. तो फाइलमधला एकेक बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एकेक आकडा, सोळाच्या पायावर लिहून दाखवतो: ० ते ९ आणि पुढे दहा ते पंधरासाठी ए ते एफ. डावीकडे पत्ता, मधे सोळा बाइट, उजवीकडे वाचता येतील ती अक्षरं आणि न येतील तिथे टिंबं. यातून निष्पन्न काही होत नाही. चहाची वेळ होते, एवढंच.

परवा यासाठी ऑफिसातलं एक जुनं टूल चालवलं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणालाच माहीत नाही. फाइलमध्ये एकच शब्द होता, ‘आई’. (लोक चाचणीला हॅलो वर्ल्ड लिहितात. माझी बोटं आपसूक इकडे वळतात.) यायला हवं होतं ई० ए४ ८६, ई० ए४ ८८. आलं एफएफएफएफएफएफई०, एफएफएफएफएफएफए४... प्रत्येक बाइटच्या आधी सहा एफ, आणि रकाने पार पडद्याबाहेर.

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ही जुनी खोड. नुसतं ‘कॅरॅक्टर’ म्हटलं तर त्याला उणे किंमत चालते की नाही, हे कंपायलरच्या, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मर्जीवर. इंटेलच्या मशीनवर सहसा चालते. मग २२४ चा बाइट, म्हणजे तो ई०, उणे ३२ धरला जातो, आणि छापताना त्याचा ३२ बिटांचा आकडा झाला की पुढची सगळी जागा एफनी भरते. इंग्रजीला याची झळच नाही, तिची सगळी अक्षरं १२७ च्या आत. त्यामुळे टूल वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. शेजारच्या टेबलावर रास्पबेरी पाय हा एआरएम चिपचा छोटा कंप्यूटर होता, तिथे ‘आई’ मुकाट्याने सरळ आली, कारण एआरएमच्या लिनक्सवर तोच कॅरॅक्टर बिनचिन्हाचा असतो. दुरुस्ती एका शब्दाची. ‘अनसाइन्ड’ लिहिलं, कंपाइल केलं, एफ गेले.

शेजारचा म्हणाला, “हात लावलाच आहेस तर उजवीकडची टिंबं पण काढ ना. मराठी दिसू दे.” मी नाही म्हटलं. आपलं एकेक अक्षर तीन बाइटांचं, कान्याला आणि वेलांटीलाही वेगळे तीन, ‘क्ष’ला तर नऊ. नऊ टिंबांतल्या कुठल्या टिंबावर ‘क्ष’ बसवायचा? राहू देत टिंबं.

तसंही मराठीला सोळा मानवत नाही. पाच अक्षरं बसतात आणि सहाव्याचा नुसता ई० ओळीच्या टोकाला लटकतो. ते मला बघवत नाही, म्हणून मी एक्सएक्सडी या दुसऱ्या हेक्स डम्प टूलला पंधराच रकाने करायला सांगतो. पहिली स्पेस आली की तेही गणित मोडतं, पण सवय ती सवय.

सोळाच का, हे कॉलेजात सरांनी फळा भरून समजावलं होतं. मला नवल वाटलं नाही, आमच्या घरात सोळाचाच अंमल होता. आजोबा एका वखारीत हिशेब लिहायचे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, मागोमाग शेर जाऊन किलो आले, पण त्यांच्या डोक्यातला १६ आण्यांचा रुपया आणि १६ छटाकांचा शेर काही हलला नाही. घरखर्चाची वही ते रेघांत लिहीत. एक उभी रेघ म्हणजे पावली, दोन म्हणजे अधेली, तीन म्हणजे पाऊण रुपया. उरलेले आणे तिरक्या आडव्या रेघांत. तीन उभ्या आणि तीन आडव्या म्हणजे पंधरा आणे, म्हणजे खरं तर एफ. पंधरा आण्यांचे नवे पैसे पावणेचौऱ्याण्णव. तो पाऊण पैसा ते कुठे जिरवत, देव जाणे.

आजी वैतागायची. “अहो, मला कळेल असं लिहा की जरा.”

“तुला कळलं तर हिशेब मागशील,” आजोबा म्हणायचे.

रविवारी मला पाटावर बसवून पावकी, निमकी, औटकी म्हणून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सातापर्यंत मी बरा असे. साडेदहा आले की माझं लक्ष मांजराकडे आणि आजोबांचं माझ्या कानाकडे.

त्यातली एक वही आता माझ्याकडे आहे. रेघा मला वाचता येतात. कुणाला किती दिले ते कळतं, कुणाला दिले ते कळत नाही, कारण नावं मोडी लिपीत आहेत. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या यादीत, २०१४ साली जागा मिळाली, आणि तिचं प्रत्येक अक्षर चार बाइटांचं. म्हणजे सोळाच्या ओळीत बरोबर चार, कुठे कापाकापी नाही. मोडीचा वर्ग लावायचं दर जूनमध्ये ठरतं.