एकाच बोकडाला ९ पण मिळाले आणि ४ पण

रिव्ह्यूचा एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी रिव्ह्यू छापायचा नाही ही बंदी, उठला की सगळं एकदम अंगावर येतं असं बाकीच्यांकडून ऐकलं होतं, पण आमच्या स्वतःच्या गेमचं ते बघायची माझी पहिलीच वेळ. गेम म्हणजे कार्टून स्टाइलचा टू-डी प्लॅटफॉर्मर, उड्या मारत पुढे जायचा प्रकार. हिरो एक डोंगरी बोकड आणि त्याला उंचीची भीती वाटते. सगळी गंमत यातच, जन्म कड्यावर झाला, खुरं कड्यासाठीच बनलीत, पण खाली बघितलं की पाय लटपटतात, डोळे खोबणीतून बाहेर येतात, आणि तरी प्लेअरने बटण दाबलं की बिचाऱ्याला उडी मारावीच लागते. उडी मारायच्या आधी तो स्वतःशी बोलतो, हवेत असताना ओरडतो, खाली आला की परत बोलतो. मी त्या टीममध्ये गेमप्ले डिझाइन बघते, म्हणजे उडी किती उंच, कडा किती लांब, पडल्यावर परत कुठून सुरू, हे माझ्याकडे.

पहिला रिव्ह्यू उघडला तर १० पैकी ९. लिहिणारा म्हणत होता की बऱ्याच दिवसांनी गेम खेळताना मोठ्याने हसलो. दुसरा उघडला, ४. मग ८, मग परत ५, मग एक साडेआठ, मग एक जण स्कोअर देत नाही पण लेख वाचून कळतं की त्याने अर्ध्यात सोडलीय. दुपारपर्यंत मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंची १०० पैकी सरासरी काढणाऱ्या साइटवर, आकडा आला आणि तो पिवळ्या चौकोनात होता. तिथे गेमला ७५ किंवा वर असेल तर हिरवा, ५० ते ७४ पिवळा आणि त्याला लेबल असतं 'मिक्स्ड ऑर अॅव्हरेज'. मला या लेबलचा राग येतो, कारण मिक्स्ड आणि अॅव्हरेज या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांनी साडेसहा दिले तर गेम ठीकठाक आहे. अर्ध्यांनी ९ आणि अर्ध्यांनी ४ दिले तर सरासरी तीच येते, पण मग त्या गेममध्ये काहीतरी असं आहे जे दोन माणसांना वेगवेगळं दिसतंय आणि ते काय ते शोधायलाच पाहिजे. आमचं हे दुसऱ्यातलं होतं.

आणि आकड्याला किंमत असते हो, उगाच कोणी घाबरत नाही. २०१० च्या फॉलआउट न्यू वेगास या गेमच्या वेळी स्टुडिओचा बोनस मेटाक्रिटिकच्या ८५ वर अडकवलेला होता आणि त्यांना ८४ मिळाले, ही गोष्ट या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे असा काही करार नव्हता, पण ऑफिसमध्ये त्या दिवशी कोणी कोणाशी फार बोलत नव्हतं. आमच्या डायरेक्टरने एवढंच सांगितलं की आज कोणीही कुठल्याही रिव्ह्यूवरला ऑनलाइन उत्तर द्यायचं नाही, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तू सगळे वाच, नीट वाच, आणि संध्याकाळपर्यंत मला सांग की यातलं पॅचमध्ये, म्हणजे नंतरच्या अपडेटमध्ये, काय दुरुस्त होऊ शकतं आणि कशाला हात लावायचा नाही."

वाचायला बसले तर पहिलं जे लक्षात आलं ते हे की चांगले आणि वाईट रिव्ह्यू एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. बोकडाचं एक वाक्य आहे, कड्याच्या टोकावर येऊन तो डोळे मिटतो आणि म्हणतो, "खाली बघू नको, खाली बघू नको, खाली... बघितलं." ९ वाल्याने हे वाक्य गेममधलं सगळ्यात भारी म्हणून लेखात दिलं होतं. ४ वाल्याने हेच वाक्य दिलं होतं आणि पुढे लिहिलं होतं की तिसऱ्या लेव्हलनंतर मी आवाज बंद करून खेळलो. वाक्य तेच, आवाज तोच, टायमिंग तेच. एका जणाने तर एका ओळीत निकाल लावला होता, "हा बोकड बोलतो जास्त आणि ऐकतो कमी." ऐकतो कमी म्हणजे कंट्रोल. बटण दाबलं तरी तो लगेच उडत नाही. ही ओळ मला लागली, पण ती इतकी नेमकी होती की मी ती वहीत सगळ्यात वर लिहून ठेवली.

या प्रकारच्या गेम्सचं हे दुखणं जुनंच आहे. बबसी नावाचं रानमांजर होतं, १९९३ साली आलेलं, तोंडाळ, सारखं काहीतरी बोलणारं, आणि प्रचंड वेगाने पळणारं, पण शत्रूला नुसता धक्का लागला की मेलं, उंचावरून पडलं तरी मेलं. म्हणजे पात्र सांगतंय की चला मजा करू आणि नियम सांगतायत की हळू चाल नाहीतर मरशील. १९९६ ला त्याचा थ्रीडी आला तो तर त्याच वर्षी मारिओ ६४ समोर उभा राहिला आणि पार आपटला. अर्थवर्म जिमचं बघा, १९९४ चा टू-डी लोकांनी डोक्यावर घेतला आणि १९९९ चा थ्रीडी आला तेव्हा तोच अळीबाबा, तोच वेडेपणा, पण कॅमेरा धड नाही म्हटल्यावर विनोद कोणाला दिसणार. आणि अलीकडचं म्हणाल तर २०१७ चा युका-लेली, किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करायच्या साइटवर २० लाख पाउंडांच्या वर पैसे जमले होते, लोकांनी एवढ्या प्रेमाने दिलेले, आणि रिव्ह्यू आले तेव्हा कोणी म्हणालं लहानपण परत मिळालं, कोणी म्हणालं कॅमेरा आणि मध्येमध्ये येणाऱ्या प्रश्नमंजुषेने डोकं उठवलं. विनोद वाईट आहे असं यातल्या बऱ्याच ठिकाणी कोणाचं म्हणणंच नसतं. विनोद ज्याच्यावर बसलाय ती गोष्ट हलते, आणि मग विनोदच टोचायला लागतो.

पण हे सगळं अंदाजाने बोलणं झालं. मला पुरावा मिळाला तो दुपारी, कारण ९ वाल्याने आणि ४ वाल्याने दोघांनीही खेळतानाचा व्हिडिओ टाकला होता आणि दोन्हीत तिसऱ्या लेव्हलचा तुटका पूल होता. दोन खिडक्या शेजारीशेजारी लावल्या आणि बघत बसले.

९ वाला पुलाशी येतो, थांबतो, बोकड डोळे मिटून ते वाक्य बोलतो, हा माणूस खरंच फिस्सकन हसतो, मग बटण दाबतो, बोकड गुडघे वाकवतो, उडतो, पलीकडच्या फळीवर पडतो, कान अजून हलतायत, हा परत हसतो आणि पुढे. झालं. अख्ख्या पुलावर एकदाही पडला नाही. त्याच्यासाठी तो विनोद एकदा झाला आणि संपला.

४ वाला येतो. तोही पहिल्यांदा हसतो, हे मला फार महत्त्वाचं वाटलं, तोही हसतो! बटण दाबतो, बोकड गुडघे वाकवतो, आणि तेवढ्यात पायाखालची फळी तुटते आणि बोकड उडी न मारताच सरळ खाली. परत सुरुवात, चेकपॉइंट पुलाच्या अलीकडे, म्हणजे परत तेच वाक्य. परत पडतो. परत वाक्य. यावेळी तो हसत नाही. परत. आता तो वाक्य संपायच्या आधीच बटण दाबतोय, म्हणजे अजूनच गडबड. नंतर नंतर त्याचा आवाजच येत नाही, फक्त कंट्रोलरची खटखट येते आणि आमच्या बोकडाचा तो उत्साही आवाज, खाली बघू नको, खाली बघू नको. खुर्चीत बसून बघताना मला स्वतःला तो आवाज नकोसा झाला, आणि ते वाक्य मला गेली कित्येक महिने आवडत आलंय.

आता ते गुडघे वाकवणं काय आहे ते सांगते. अॅनिमेशनमध्ये याला अँटिसिपेशन म्हणतात, डिस्नेच्या जुन्या अॅनिमेटर्सनी जी १२ तत्त्वं मांडली त्यातलं एक, मोठी हालचाल करायच्या आधी पात्र उलट्या बाजूला थोडंसं जातं, उडायच्या आधी वाकतं, मारायच्या आधी हात मागे नेतं. पडद्यावर नुसतं बघायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही, कार्टूनचा जीव त्यात आहे. पण गेममध्ये मधे एक माणूस असतो ज्याने बटण दाबलंय. आमचा गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलीसेकंद, वाकण्याला ६ फ्रेम दिलेल्या, म्हणजे एक दशांश सेकंद बोकड जमिनीवरच. ऐकायला काहीच नाही, बोटाला मात्र ते बरोब्बर कळतं. आमच्या टेस्टर्सना कळत नव्हतं कारण ते महिनोन्महिने खेळून त्यांचं बोट आपोआप तेवढं आधी पडायला लागलेलं.

कोयोटी टाइम आमच्याकडे होता, म्हणजे कडा संपल्यावरही काही फ्रेम उडी मारता येते ती सवलत, कार्टूनमधलं पात्र कड्यापुढे हवेत धावतं आणि मग पडतं तसंच. पण ती सवलत कड्यावरून चालत पुढे गेल्यावर सुरू व्हायची. वाकलेल्या अवस्थेत पायाखालची फळीच गेली तर उडी रद्द होऊन पडणं सुरू, असा नियम. मी ४ वाल्याचा व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने पुढे नेला. गुडघे वाकायला सुरुवात होते त्या फ्रेमला फळी जागेवर आहे. त्याच्या पुढच्या पडण्यातही आहे. त्याच्याही पुढच्या. म्हणजे बटण वेळेवर दाबलेलं होतं, प्रत्येक वेळी नाही पण सुरुवातीच्या सगळ्या वेळी नक्की.

हे इथे मुद्दाम लिहिते कारण तोपर्यंत ऑनलाइन लोक त्या माणसाची टिंगल करायला लागले होते, की याला खेळताच येत नाही आणि हा रिव्ह्यू लिहितो. २०१७ ला कपहेड यायच्या आधीही एका पत्रकाराचा ट्युटोरियलमध्ये अडखळतानाचा व्हिडिओ फिरला होता आणि लोकांनी त्याला सोडलं नव्हतं. मला हे अजिबात पटत नाही. जो रिव्ह्यूअर पडतो ना, तो आमचा गेम सगळ्यात जास्त बघतो. न पडणाऱ्याला आमचं पडणं कसं वाटतं, परत सुरू व्हायला किती वेळ लागतो, तेच वाक्य परत ऐकताना काय होतं, यातलं काहीच माहीत नसतं.

अॅनिमेटरला बोलावलं आणि दोन्ही व्हिडिओ दाखवले. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "अगं पण वाकणं काढलं तर तो घाबरलाय हे दिसणारच नाही, सगळी कॉमेडी तिथेच आहे." त्याचं चूक नव्हतं. मी म्हटलं, "काढायचं नाही रे, उडीच्या नंतर टाकता येईल का? बटण दाबलं की धड लगेच वर जाऊ दे, भीती मागून येऊ दे." तो काही न बोलता उठून गेला, मला वाटलं रागावला. तासाभराने बोलावलं तर स्क्रीनवर बोकडाचं धड पहिल्याच फ्रेमला हवेत आणि मागची दोन खुरं मात्र अजून कड्याला घट्ट धरून, पाय रबरासारखे ताणले जातायत, ताणले जातायत, आणि मग फट्कन सुटून वर येतात. आधीपेक्षा कितीतरी जास्त हसू येत होतं. उडी तत्काळ, आणि भीतीही दिसतेय. कार्टून आणि कंट्रोल एकमेकांच्या विरोधात आहेत असं जे आम्ही सगळे धरून चाललो होतो ते निदान या उडीपुरतं तरी खोटं निघालं.

वाक्याचं अवघड गेलं. आमची रायटर म्हणाली की वाक्य काढू देणार नाही, आणि मीही काढा म्हणत नव्हते. शेवटी ठरलं की वाक्य एका जागी एकदाच. दुसऱ्यांदा पडलात तर नुसता आवंढा गिळल्याचा आवाज. तिसऱ्यांदा बोकड काहीच बोलत नाही, फक्त मान वळवून प्लेअरकडे बघतो. त्यापुढे शांत, लगेच खेळ सुरू. रायटरने ते तिथल्या तिथे खेळून बघितलं, मुद्दाम तीनदा पडली, आणि त्या मान वळवण्यावर हसली, मग म्हणाली ठेवा.

सगळं काही पॅचने सुटणारं नव्हतं. ५ देणाऱ्या एकीचं म्हणणं होतं की हा विनोद तिला बालिश वाटला, तिला तो पहिल्यांदाही आवडला नव्हता. तिचा लेख मी दोनदा वाचला, प्रामाणिक होता, आणि डायरेक्टरला सांगितलं की याला हात लावायचा नाही. तिच्यासाठी बोकड बदलला तर ९ वाल्याचा बोकड जाईल.

डायरेक्टरने विचारलं, मग आकडा वाढेल का? नाही वाढणार. मेटाक्रिटिक एखाद्या प्रकाशनाचा पहिला स्कोअरच धरतं, नंतर गेम कितीही सुधारला तरी तो आकडा तसाच राहतो. युका-लेलीवाल्यांनीही काही महिन्यांत कॅमेरा सुधारला, संवाद पुढे ढकलायची सोय दिली, स्कोअर होता तिथेच राहिला, पण २०१९ ला त्यांचा पुढचा गेम आला, बहुतेक टू-डीच, आणि त्याला रिव्ह्यू चांगले मिळाले. मी त्याला तेच सांगितलं, की पिवळा चौकोन पिवळाच राहणार, पण उद्या जो गेम विकत घेईल तो त्या पुलावर येणारच आहे.

निघायच्या आधी एक गोष्ट केली. ४ वाल्याच्या व्हिडिओत गुडघे ज्या फ्रेमला वाकायला लागतात त्यावरून त्याच्या बटणाची वेळ काढली आणि त्याच वेळा नव्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या दुरुस्त आवृत्तीत, घातल्या. पहिल्याच प्रयत्नात बोकड पलीकडे गेला. अॅनिमेटरने मागून बघितलं आणि म्हणाला, "परत लाव." परत लावलं, परत गेला. बिल्ड कन्सोलच्या सर्टिफिकेशनला, म्हणजे कन्सोल कंपनीच्या तपासणीला, पाठवलं. बॉस फाइटच्या तक्रारी आणि कॅमेरा शेवटच्या लेव्हलला फार जवळ येतो ते वेगळ्या फाइलमध्ये टाकलंय, कॅमेऱ्याचं माझ्या मते खरं आहे आणि त्याला वेळ लागणार.