भोकाचा वडा, दोनशे वीस रुपये

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे बऱ्याच तक्रारी येणार आहेत. वांद्र्याला आहे, हिल रोडच्या मागे, रनवारच्या गल्ल्यांत. दिवाळी संपल्यावरच्या शनिवारी सकाळी साडेदहाला आम्ही तिघी तिथे डोनटसाठी रांगेत उभ्या होतो. लेक चोविसाची, मी एकोणपन्नासची आणि आत्या त्र्याहत्तरची. आमच्या पुढे सतरा माणसं आणि दोन कुत्री. कुत्र्यांसाठी दारात स्टीलच्या वाटीत पाणी ठेवलेलं होतं. माणसांची तशी काही सोय दिसली नाही.

मुंबईचे चार दिवस तसे बरे गेले होते. भुयारी मेट्रोनं थेट सिद्धिविनायक स्टेशनवर उतरून दर्शन झालं, राणीची बाग झाली, घारापुरीच्या लाँचमध्ये मला मळमळलं आणि आत्या मजेत शेंगा खात बसली. एवढंच. या चार दिवसांवर लिहिण्यासारखं काही नाही. पण डोनटच्या त्या दीड तासातून मी अजून बाहेर आलेली नाही.

हट्ट लेकीचा. ती अंधेरीला राहते, नोकरी करते, आणि शनिवारी सकाळी घरात चहा करून प्यायचा असतो हे विसरलेली आहे. ‘आई, आर्टिझनल आहे, सगळं हातानं करतात.’ मी म्हटलं, सोलापुरात कढईत पायानं कोण तळतं?

स्टेशनवरून रिक्षा केली. मीटर 26 रुपयांवर सुरू झाला आणि आत्यानं आख्ख्या रस्त्यात त्याच्यावरून नजर काढली नाही. आमच्याकडे रिक्षात बसायच्या आधी भांडून घ्यावं लागतं, त्यामुळे न भांडता झालेला प्रवास तिला खराच वाटेना. उतरल्यावर मात्र ती गल्लीवर खूश झाली. लाकडी जिन्यांची बुटकी घरं, कोपऱ्यावर झेंडूची माळ घातलेला दगडी क्रूस, भिंतींवर माणसाच्या दुप्पट उंचीची चित्रं. रांग ज्या घरावरून जात होती त्याच्या ओट्यावर फुलाफुलांच्या झग्यातल्या एक आजी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. आत्यानं रांग माझ्यावर सोपवली आणि ओट्यावर जाऊन टेकली. दोन मिनिटांत दोघींचं मराठीत सुरू. माझ्या लेकीला याचंच आश्चर्य. तिला वाटायचं वांद्र्याचे ख्रिश्चन म्हणजे सगळे गोव्याचे. हे ईस्ट इंडियन, इथलेच मूळचे. बाहेरून आलेल्या ख्रिश्चनांहून आपण वेगळे, हे सांगायला 1887 साली राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वेळी त्यांनी हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, पण घरात मराठी.

आत्या परत आली ती बातमी घेऊन. ‘अगं, ह्यांच्यात लग्नाला फुगे करतात. मैदा, अंडं, नारळाचं दूध. पीठ सैल भिजवायचं, फुगू द्यायचं, आणि मुठीत धरून अंगठ्याजवळनं असं पिळून तेलात सोडायचं.’ तिनं हवेत मूठ आवळून दाखवली. रांगेतल्या एका कुत्र्यानं कान टवकारले. ‘त्या म्हणतात, हे सगळं आमच्या ओट्यासमोर उभं राहून काय विकत घेतात, आम्ही कधीपासनं तळतोय.’

पंचेचाळीस मिनिटांनी आत गेलो. आत म्हणजे आमच्या बँकेच्या लॉकररूमएवढी जागा. बसायला उंच स्टुलं, पाठ नाही, पाय टेकायला दांडी नाही. आत्याच्या गुडघ्यांकडे बघून मी खुर्ची मागितली, तर काउंटरवरचा मुलगा फार गोड हसून म्हणाला की खुर्ची आमच्याकडे नसते. ‘सध्या नाही’ असंसुद्धा नाही. नसतेच! दुसऱ्या दिवशी मेट्रो सिनेमासमोर कयानीत गेलो. 1904 सालचं इराणी हॉटेल, पण पाठ टेकायची लाकडी खुर्ची आहे. ब्रून मस्का चहात बुडवत मी तिथे अर्धा तास नुसती टेकून बसले. आणखी शंभर वर्षांनी तरी या नव्या लोकांना खुर्चीचा शोध लागेल.

भिंतीवर भाव. सी सॉल्ट कॅरमल, पिस्ता गुलाब, ब्राउन बटर. प्रत्येकी 220. मी तीनदा वाचलं. मागणी दिल्यावर त्या मुलानं विचारलं, ‘नेम, आंटी?’ मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, ‘मला सगळे आत्याच म्हणतात.’ त्यानं तेच कपावर लिहिलं. दहा मिनिटांनी सगळ्या दुकानात हाक गेली, ‘आत्याऽऽ! टू कॅपुचिनो, वन पोअर ओव्हर!’ आणि आत्या भर सभेत सत्काराला उठावं तशी उठली.

पोअर ओव्हर माझी. एका पोरीनं काट्यावर 15 ग्रॅम पूड मोजली, कागदाच्या गाळणीत टाकली आणि लांब चोचीच्या किटलीतून गोल गोल पाणी सोडत राहिली, पिंडीवर अभिषेक करावा तसं. सोबत छापील कार्ड. चिकमगळूरची कॉफी, चव संत्र्याची, गुळाची आणि जास्वंदीची. चिकमगळूरचं नाव वाचून मला जरा आपलं वाटलं. बाबा बुदननी मक्केहून येताना सात बिया लपवून आणल्या आणि तिथल्या डोंगरावर लावल्या, ही गोष्ट आमच्याकडे कर्नाटकातून आलेला कुठलाही पाहुणा सांगतो. आत्यानं माझ्या कपातला घोट घेतला, कार्ड लांब धरून वाचलं आणि विचारलं, ‘ह्यात गूळ कुठाय?’ आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात शिजवून वर जायफळ किसलेली. ती प्यायल्यावर झोप येते. या कॉफीनं मला रात्री दोनपर्यंत जागं ठेवलं, पण त्याला दुसरंही कारण होतं. ते पुढे येतंय.

डोनट आले. ते चांगले होते, खोटं कशाला बोलू. बाहेरून साखरेचा पातळ काचेसारखा पापुद्रा, दातांखाली मोडला की आत नुसती हवा आणि लोणी. लेकीनं तेवढ्यात माहिती पुरवली की मधलं भोक 1847 साली हॅन्सन ग्रेगरी नावाच्या अमेरिकी खलाशानं पाडलं असं म्हणतात, मध्ये कच्चं राहायला नको म्हणून. आत्या चघळत म्हणाली, ‘मेदूवड्याला कुठं खलाशी लागला?’

मग ती अर्धा डोनट हातात धरून काचेपाशी गेली. काचेपलीकडे स्वयंपाकघर, तळणीवर विशीतला एक हिंदी बोलणारा मुलगा. मी बसल्या जागी आवळून गेले. आत्याचा आवाज गिरणीच्या भोंग्याच्या काळात घडलेला आहे आणि तिचं हिंदी खास सोलापुरी. तिनं डोनटच्या कडेवरची फिकट रेघ बोटानं दाखवली. ‘ये पट्टा हय ना, इसका मतलब पीठ अच्छा फुगा.’ मुलानं झारा थांबवला आणि काचेचा सरकता झरोका उघडला. बरोबर होतं तिचं. फुगलेलं पीठ तेलावर तरंगतं, खालची बाजू तळते, उलटल्यावर वरची, आणि मधला पट्टा तेलात कधी बुडतच नाही. जड पीठ असेल तर खोल बसतं आणि पट्टा येत नाही. तो म्हणाला, पट्टा नसलेला माल पुढे द्यायचाच नाही असा इथला नियम आहे.

आणि मग आत्यानं तो प्रश्न विचारला.

‘तुम्हारा हसता हय क्या?’

मुलगा गोंधळला. मागची रांग गप्प झाली. लेकीनं फोनमध्ये डोकं घातलं. आत्या म्हणाली, ‘अरे, तेल में डाला तो फुटके पसरता ना, वो हसना.’ ज्यांनी अनारसे केलेत त्यांना सांगायला नको. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सुकवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, खसखशीवर थापून ती बाजू वर ठेवून तुपात सोडायचं आणि उलटायचं नाही. एवढं करून गूळ जरा जास्त झाला किंवा पीठ ओलं राहिलं की अनारसा कढईत हसतो. जाळी पडायच्या ऐवजी भोकं मोठी होत जातात आणि बघता बघता तुपात नुसता चुरा. करणारीला त्या वेळी रडू येतं.

मुलाच्या डोक्यात उजेड पडला. ‘हाँ हाँ, बारिश में हँसता है, मावशी! पूरा ट्रे हँस जाता है.’ पावसाळ्यात पीठ ढिलं पडतं, उचलायला गेलं की आकार सोडतं. मग त्यानं तिला तेल किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावरचा 180चा आकडा दाखवला, पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात ते सांगितलं, पहाटे चारला यायचं, कापायचं, पुन्हा फुगू द्यायचं. आत्या एकेका गोष्टीवर मान हलवत होती. तेल किती घाण्यांनी बदलतोस, उरलेलं काय करतोस, हाताला चटका बसतो का. त्यानं मनगट पुढे केलं. आत्यानं पदर सारून आपलं मनगट त्याच्या शेजारी धरलं. दोन्हीकडे त्याच जागी, अंगठ्याच्या वर, तपकिरी डाग. तिचा जुना होऊन चकचकीत झालेला.

ती परत आली तेव्हा मी बिल बघत होते. जीएसटी धरून 1,575. मी म्हटलं, ‘लूट आहे नुसती. भोकाच्या वड्याला दोनशे वीस.’

आत्या स्टुलावर बसली नाही, टेबलाला टेकून उभी राहिली आणि बोटांवर हिशेब करायला लागली. लोणी, अंडी, तेल रोज नवं, पहाटे चारचा माणूस, ह्या गल्लीतलं भाडं, वाया जाणारा माल. ‘महाग नाही,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, टिशूनं बोटं पुसत, ‘त्याला कुणी फोन केला नसणार, कमी कर म्हणून.’

लेकीला काही कळलं नाही. मला कळलं.

आत्या तीस वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. आमच्या बँकेतल्या ऑर्डरी मी गोळा करून द्यायचे, आणि हे मी फार मोठं काम करते असं मला वाटायचं. 2021च्या दिवाळीला तिनं अनारशांचा भाव किलोला 480वरून 560 केला. मी तिला फोन केला. म्हटलं, आत्या, लोक महाग म्हणतायत, बाजारात कमीत मिळतात, कमी कर. ती बरं म्हणाली आणि 480नंच दिले. आता खरं सांगते, कुणीही महाग म्हणालं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कुणाला. नवा भाव सांगताना साहेबांसमोर मलाच अवघडल्यासारखं होणार होतं. पुढच्या वर्षी तिनं अनारसे बंद केले, त्याच्या पुढच्या वर्षी सगळंच. विचारलं तर गुडघे म्हणायची. मीही सगळ्यांना गुडघेच सांगितले.

त्या दुकानात मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं, पण तोवर आत्या पुन्हा काउंटरवर गेली होती आणि कमरेच्या पिशवीतून स्वतःचे पैसे काढून चार डोनटांचा खोका बांधून घेत होती. 924 रुपये. घासाघीस केली नाही. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी अर्धा तास घालवणारी ही बाई. वरून तळणीवरच्या मुलाला हात करून आली.

परतीला सिद्धेश्वर एक्सप्रेस. वरच्या बर्थवर मी टक्क जागी. कुर्डुवाडीला खाली बघितलं तर आत्या उठून बसलेली, खोका मांडीवर. साखरेला पाणी सुटून चारही डोनट एकमेकांना आणि पुठ्ठ्याला चिकटले होते. तिनं एक सोडवून चाखला.

‘दुसऱ्या दिवशी गेला कामातनं,’ ती म्हणाली. ‘अनारसं पंधरा दिवस हलत नाही.’

मी खाली उतरून तिच्या पायांशी बसले. म्हटलं, ‘आत्या, त्या वेळी लोक महाग म्हणाले नव्हते.’

‘म्हाईत हाय की. तुझ्या बँकेतला शिपाई घरी येऊन सांगून गेला होता, काकू, भाव वाढवला नाहीत ह्या वर्षी.’

चार वर्षं माहीत होतं तिला! मी आणखी काही म्हणणार तर तिनं चिकट बोट वर केलं.

‘अधिक महिना कधी आहे बघ गं फोनमध्ये.’

बघितलं. 2026ला ज्येष्ठ अधिक, 17 मेपासून. जावयाला तेहतीस अनारसे देणाऱ्या आमच्या शाखेतच पाचसहा जणी निघतील.

‘आठशे,’ आत्या म्हणाली. ‘आणि ऑर्डरी मी घेणार. तू फक्त जुना तांदूळ बघून ठेव.’

मग खोका माझ्याकडे सरकवून ती पुन्हा आडवी झाली. सोलापूर येईपर्यंत मी उरलेले तिन्ही खाल्ले, पुठ्ठ्याला चिकटलेल्या साखरेसकट.