तुम्ही विचारलंत म्हणून: गाड्यांच्या शोरूमला चांगली पोरं आणता कुठनं?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, वर्कशॉपच्या दारात विचारतात. परवा दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो, तर शेजारच्या गृहस्थांनीही विचारला. विचारणारा बहुधा स्वतः कसलं तरी दुकान चालवत असतो आणि त्याच्याकडचं कुणीतरी नुकतंच सोडून गेलेलं असतं. मी हसून वेळ मारून नेतो, कारण खरं उत्तर ऐकायला जरा विचित्र वाटतं. जमलं तर दूध संस्थेतून आणतो.

आधी मीही सगळे करतात तेच करायचो. कोल्हापुरात हायवेच्या कडेनं चारचाकींच्या शोरूमची रांग आहे, आमचंही त्यातलंच. शेजारचा बोलका पोरगा हेरायचा, दोन-तीन हजार वाढवून द्यायचे, फोडून आणायचा. सहा महिन्यांनी तिसरा कुणीतरी त्याला आपल्याकडनं फोडायचा. अशी तीच दहा-पंधरा पोरं सगळ्या शोरूममधून फिरत राहायची आणि दर फेरीला पगार तेवढा वाढायचा.

त्यातलाच एक आमच्याकडं होता. बोलायला असा की गिऱ्हाईक आलंय ब्रोशर न्यायला आणि जातंय बुकिंग करून. एका दसऱ्याला सकाळी साडेनऊला शिरोळ तालुक्यातलं एक कुटुंब आलं. दोन गाड्या भरून माणसं, झेंडूचा हार, चाकाखाली ठेवायला लिंबं, नारळ, पेढे, आणि नव्या लुगड्यातली आज्जी. त्यांना पांढरी गाडी कबूल केलेली. पांढरी गाडी आलेलीच नव्हती, येणारही नव्हती. हे त्या पठ्ठ्याला चार दिवस आधी माहीत होतं. त्या सकाळी त्याचा फोन बंद. मी पुढं झालो, हात जोडले, शब्द सुचेना. आज्जी म्हणाली, "गाडी न्हाई त्याचं काय न्हाई रं लेकरा. काल सांगितलं असतंस तर पोरांनी घरात गरम पुरणपोळी तरी खाल्ली असती की."

शिव्या घातल्या असत्या तर मी विसरलो असतो.

त्यानंतर मी एक गोष्ट बघायला लागलो. गाडी विकायला आता फारसं बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर सगळं बघून, भाच्याला विचारून, मायलेज पाठ करूनच येतं. आमच्या माणसाच्या वाट्याला उरतात त्या बहुतेक वाईट बातम्या. रंग मिळत नाही. वेटिंग वाढलं. जुना हप्ता थकला होता म्हणून बँकेनं कर्ज कमी मंजूर केलं. एक्सचेंजच्या गाडीचं बॉनेट एकदा रंगवलेलं निघालं, किंमत उतरली. अपघाताच्या क्लेममध्ये विमा कंपनीनं प्लास्टिकच्या पार्टला पन्नास टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापला, तो तुमच्या खिशातून. हे रोजचं आहे. गिऱ्हाइकाचा फोन यायच्या आत हे सांगायला आपण फोन लावतो का, यावर शोरूमचं नाव टिकतं किंवा जातं. आणि हा फोन लावायची हिंमत बोलक्या पोरांत असतेच असं नाही. उलट ज्याला सगळ्यांना खूश ठेवायची सवय, तोच नेमका फोन बंद करतो.

मग राधानगरी तालुक्यातला एक पोरगा मुलाखतीला आला. बी.कॉम., शर्ट इस्त्रीचा पण बाह्या आखूड, सेल्सचा अनुभव शून्य. आधी काय करायचास विचारलं तर म्हणाला, "गावात संस्थेत फॅट काढायचो."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गावची दूध संस्था सकाळ-संध्याकाळ दूध घेते, प्रत्येकाच्या दुधाचा नमुना मशिनवर लावून त्यातली फॅट मोजते. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून दर असतो. आकडा खाली आला की दर खाली. दहा दिवसांनी बिल. म्हणजे हा पोरगा दिवसातून दोनदा, ओळीनं उभ्या राहिलेल्या शंभरेक माणसांना, तीही सगळी गावातली, भावकीतली, 'आज तुमचे पैसे कमी' असं तोंडावर सांगत होता. आणि संध्याकाळी तीच माणसं पुन्हा किटली घेऊन त्याच्यापुढं.

मी विचारलं, "भांडत नव्हते?"

"भांडायचे की. एक काकी तर मशिनसकट माझ्या खानदानाचा उद्धार करायची."

"मग?"

"तिच्यासमोर नमुना परत लावायचो. तेवढाच आकडा आला की गप जायची. पण साहेब, आधी आकडा सांगायचा आणि मग समजूत काढायची. उलटं केलं की मान्सास्नी वाटतंय ह्यो लबाड हाय."

बावीस वर्षांत कंपनीच्या ट्रेनिंगला मी अनेकदा जाऊन बसलोय. एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला तिथंच घेतला.

त्याची परीक्षा झाली २०२५ च्या सप्टेंबरात. ३ तारखेला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला: छोट्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस, म्हणजे जादा कर, जाऊन सरसकट १८ टक्के, लागू २२ पासून. मधे पितृपक्ष. शोरूममध्ये माशा मारायची वेळ. जुन्या स्टॉकवर भरलेल्या सेसचं काय होणार, ही आमची धाकधूक वेगळीच. एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना पितृपक्ष लागायच्या आत गाडी घरात हवी होती. कर्ज मंजूर, पैसे तयार. त्यांची गाडी चार मीटरच्या आतली, लहान इंजिनची, म्हणजे कर कमी होणाऱ्यातली, पण बातम्यांच्या गोंधळात त्यांना वाटत होतं की ही कपात फक्त अगदी लहान गाड्यांना. खोटं कशाला बोलू, जुन्या दरानंच बिल करून टाकावं असं माझ्या मनात येऊन गेलं. हा पोरगा केबिनच्या दारात आला, "सरांना फोन लावला मी. घटस्थापनेला न्या म्हटलं." विचारायला नव्हे, सांगायला आला होता. सरांनी २२ ला गाडी नेली, आणि फ्लोअर मॅटवरून तरीही अर्धा तास घासाघीस केलीच. शिक्षक ते.

तेव्हापासून अर्जात मी बघतो की या माणसानं आधी कुणाला 'नाही' म्हटलंय का. मेडिकलच्या काउंटरवर उधारी नाकारलेला, मंडळाचा खजिनदार, पतसंस्थेत वसुलीला फिरलेला. आमच्याकडं पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल टीम असतात, तशा एका टीमचा मॅनेजर होता असा एक घेतलाय. उद्याच्या मॅचला तू अकरात नाहीस, हे पेठेतल्या पोराला सांगणं काय असतं ते पेठेत राहिलेल्यालाच कळेल.

वर्कशॉपचं मात्र निराळं. मेकॅनिकला टेबलासमोर बसवून काही कळत नाही, त्याच्या हातात पाना द्यावा आणि दोन तास लांबून बघावं. मला जास्त जपून घ्यावा लागतो तो सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, म्हणजे गाडी आत घेताना तिच्या तक्रारींचं जॉब कार्ड लिहिणारा. त्याची माझी परीक्षा अशी: आमचाच एक जुना ड्रायव्हर गिऱ्हाईक बनून येतो आणि म्हणतो, "गाडी लई वाजतीया." बस्स, एवढंच. बरेच जण लिहितात 'आवाज येतो'. एकीनं विचारलं, कुठनं? कधी? खड्ड्यात का सरळ रस्त्यावर? ब्रेक दाबल्यावर थांबतो का? माणसं भरली की वाढतो का? मग ती त्याला शेजारी बसवून गाडी बाहेर घेऊन गेली आणि येऊन लिहिलं, 'पुढून डावीकडं, खड्ड्यात खटखट, वेग कमी असताना जास्त.' मेकॅनिकचा निम्मा दिवस वाचला. ती बाई गेली तीन वर्षं आमच्याकडं आहे, आणि तिला केबिन दिली तर नको म्हणते.

वशिल्याचं विचाराल तर येतोच. कारखान्याच्या संचालकांचा, नगरसेवकांचा, सासरवाडीचा. "आपलाच पोरगा हाय, बघा की जरा." मी नाही म्हणत नाही. महिनाभर यार्डात ठेवतो, उन्हात गाड्या मोजायला. राहिला तर आपला, गेला तर आपण होऊन गेला, संबंध शाबूत. आधीच्या ठिकाणची चौकशीही मी मॅनेजरकडं करत नाही. तो पोरगा जावा असं मॅनेजरला वाटत असेल तर तो कौतुकच करणार. यार्डातल्या ड्रायव्हरला विचारतो.

पगारावर फार लिहीत नाही. फिक्स कमी आणि इन्सेंटिव्ह जास्त ठेवलात तर पोरगं खोटं बोलणारच, दोष त्याचा नाही. आणि लांबच्या गावाहून येणाऱ्याला शेवटची एसटी गाठू द्या.

एक राहिलंच. लायसन्स बघा, हातात घेऊन बघा. 'सगळ्या गाड्या चालवतो' म्हणणाऱ्यांतल्या कितीकांकडं फक्त दुचाकीचं निघतं. गेल्या महिन्यात एकाला मागितलं तर तो मान खाली न घालता म्हणाला, "चारचाकीचं लर्निंग हाय साहेब. मंगळवारी टेस्ट हाय. नापास झालो तर मीच फोन करतो."

मंगळवारी दुपारी तीनला फोन वाजला. नापास. रिव्हर्सला खांब पाडला होता.

सोमवारपासून ये म्हटलं, पण गाडीच्या चावीला हात लावायचा नाही.