कशेळीचा हत्ती कसा पाहावा

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीला जाताना समुद्र उजव्या हाताला साथ देतो. आम्हाला मात्र किनारा सोडून वर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जायचं होतं. तिथे उघड्या जांभ्यात सुमारे 18 मीटर लांब, 13 मीटर रुंद हत्ती कोरलेला आहे. त्याच्या पायाशी उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही. नुसते खळगे आणि चर. रेषेच्या बाहेरून चालत सोंड, पाठ, पाय अशी पूर्ण फेरी मारली तेव्हा आकार ध्यानात आला. मग पोटात कोरलेल्या आकृत्यांची दाटी उलगडू लागली. त्यात जमिनीवरचे प्राणी आहेत, तसे मासेही. पाकट हा चपटा, लांब शेपटीचा मासा ओळखला तेव्हा मी तिथेच बसलो. कोरणाऱ्याला समुद्र घरच्यासारखा माहीत असणार.

कोकणच्या सड्यांवर अशी कोरीव चित्रं, म्हणजे कातळशिल्पं, ठिकठिकाणी आहेत. त्यांचा काळ अजून नक्की ठरलेला नाही. पण चित्रांत शेतीचा मागमूस नाही आणि काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही; म्हणजे ती फार जुनी असावीत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायी पालथे घातले, म्हणून हे सगळं आपल्यापर्यंत आलं. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत त्यातली नऊ ठिकाणं गेली: आठ महाराष्ट्रातली, एक गोव्यातलं.

जाणाऱ्यांनी वेळ सांभाळावी. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा मावळतीच्या आधी, चरांत सावली भरते आणि रेषा उठून दिसते. भर दुपारी तोच कातळ सपाट वाटतो, शिवाय तापतो. पावसाळ्यात शेवाळ आणि साचलेलं पाणी, त्यानंतर काही दिवस गवत. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सड्यावर सावली नाही, पाणी भरपूर न्या. बऱ्याच जागा खासगी जमिनीत आहेत, तेव्हा गावात विचारून, माहितगार सोबत घेऊनच जा.

आणि एक कळकळीची विनंती. फोटोत रेषा ठळक यावी म्हणून चरांत खडू, पीठ, रांगोळी काहीही भरू नका. कोरलेल्या भागावर पाय देऊ नका, लहान मुलांनाही आधीच सांगा. चिऱ्याच्या खाणी आणि रस्ते या सड्यांवर सरकत आहेतच. त्यात आपली भर नको.

पहिल्यांदाच जात असाल तर सुरुवात उक्षीपासून करा. कोकण रेल्वेचं स्टेशन आहे आणि एकटाच हत्ती असल्यामुळे नजर लवकर तयार होते. मग कशेळी, तिथलं कनकादित्याचं सूर्यमंदिर चुकवू नका. राजापूरकडे वळलात तर बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. देवाचे गोठणे इथे जाताना होकायंत्र खिशात ठेवा. तिथल्या मानवाकृतीपाशी सुई दिशा चुकते. कातळावर ठेवून, थोडं सरकवत स्वतः पाहा.