पाण्यात सगळं कुजून जातं ना?

पाण्याखाली सापडलेलं जुनं लाकूड टिकवण्याचं काम मी करते, असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पण पाण्यात सगळं कुजून जातं ना? मग आठ-दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचं तिथे उरणार तरी काय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुजतं ते जमिनीवर. मातीत हवा खेळत असते, ओल येते-जाते, बुरशी, वाळवी आणि जिवाणू यांना आणखी काय हवं? लाकूड, साल, कातडं, दोरी, टोपल्या, जाळी हे सगळं काही वर्षांत, फार तर काही दशकांत नाहीसं होतं. उरतो दगड. नशीब असेल तर हाडं. संग्रहालयात गेलात की प्रागैतिहासिक दालनात कपाटं भरून दगडी पाती मांडलेली दिसतात आणि आपल्याला वाटतं, ही माणसं दिवसभर दगडावर दगड आपटत बसायची. पण त्या पात्याला मूठ होती ती लाकडाची. ती बांधली होती सालीच्या दोरीनं. पातं ज्यावर चालवलं तेही बहुतेक वेळा लाकूड किंवा कातडंच असणार. यातलं काहीच कपाटात नाही, कारण ते जमिनीवर राहिलं.

आता पाण्याचं. खरं तर वाचवतं ते पाणी नव्हे, चिखल. उघड्या समुद्रात टाकलेलं लाकूड अजिबात टिकत नाही. शिपवर्म नावाचा, दिसायला अळीसारखा पण जातीनं शिंपल्यांचा भाऊबंद असलेला प्राणी ते आतून पोखरून चाळण करून टाकतो. पण तेच लाकूड बारीक गाळाखाली किंवा दलदलीत साचलेल्या वनस्पतींच्या काळ्या थरात, म्हणजे पीटमध्ये गाडलं गेलं, तर काही सेंटिमीटर खाली प्राणवायू संपतो. बुरशी तिथे जगत नाही, शिपवर्म पोचत नाही. प्राणवायूशिवाय जगणारे काही जिवाणू तेवढे राहतात, पण त्यांचा कारभार इतका संथ की हजारो वर्षांनीही कुऱ्हाडीच्या घावांच्या खुणा लाकडावर वाचता येतात.

असा गाळ समुद्रतळाशी आला कुठून? सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. पृथ्वीवरचं अफाट पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. आज जिथे ट्रॉलर फिरतात तिथे गवताळ मैदानं होती, नद्या होत्या, माणसं होती. पुढे बर्फ वितळत गेलं, पाणी चढत गेलं. हे चढणं एकसारखं नव्हतं. सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी अवघ्या काही शतकांत ते 20 मीटरच्या आसपास वाढलं. लाटांच्या माऱ्यात जे सापडलं त्याची धूळधाण झाली, आणि बहुतेक ठिकाणी तेच झालं. पण खाडीच्या कडेला, शांत पाण्यात, आधी दलदल झाली, मग गाळ बसला, मग वरून समुद्र आला, अशी जी थोडी ठिकाणं आहेत तिथे आमचं काम असतं.

माझं आवडतं उदाहरण बोल्डनर क्लिफ. इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइट बेटाजवळ, सोलंट सामुद्रधुनीत पाण्याखाली सुमारे 11 मीटरवर हा कडा आहे. 1999 मध्ये तिथे उतरलेल्या पाणबुड्यांना एक शेवंड आपलं बीळ साफ करताना दिसली. ती बाहेर फेकत होती ते होते चकमकीच्या दगडाचे तुकडे, माणसानं घडवलेले. पुढे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची वस्तीच तिथून बाहेर आली. उत्खननाची सुरुवात कुणी केली याचं श्रेय त्या शेवंडीला बिनदिक्कत दिलं जातं, आणि ते योग्यच आहे.

तिथे काम करणं मात्र सोपं नाही. प्रवाह जोराचा, पाणी गढूळ. भरती-ओहोटी पालटताना मध्ये थोडा वेळ पाणी स्थिर होतं, तेवढ्यात काय ते उरकायचं. म्हणून तिथल्या पाणबुड्यांनी शहाणपणाची पद्धत काढली: खाली बसून खणायचंच नाही. धातूची पेटी थरात ठोकायची, आजूबाजूचं कापायचं आणि गाळाचा अख्खा ठोकळा जसाच्या तसा वर आणून प्रयोगशाळेत सावकाश सोडवायचा.

अशा ठोकळ्यांवर मी तासन् तास बसले आहे. पेटी उघडली की आधी गंधकाचा घाण वास येतो. तो आला की मला बरं वाटतं, कारण याचा अर्थ आत हवा शिरलेली नाही. मग पातळ पात्यानं एकेक पापुद्रा सोडवायचा, फवाऱ्यानं पाणी मारत. थर सुटतो आणि तळहातावर एखादं पान येतं: शिरा स्पष्ट, कड दातेरी, रंग चक्क हिरवट. कॅमेरा उचलेपर्यंत ते तपकिरी होतं, फोटो निघेपर्यंत काळं. हवा लागली ना. त्याच थरात भुंगेऱ्यांचे चकचकीत पंख सापडतात, आणि हेझेल नावाच्या, बदामासारख्या खाण्याच्या बियांच्या कवचाचे अर्धे तुकडे, कडेला जळके. ते कुणीतरी शेकोटीवर भाजून, फोडून खाल्लेले असतात. दगडी पात्यावरून हत्यार कसं घडवलं ते कळतं. या कवचावरून दिवसाचं खाणं आणि वर्षातला हंगाम कळतो. मला दुसरं अधिक मोलाचं वाटतं, माझे काही सहकारी याच्याशी सहमत नाहीत.

बोल्डनरला पीळ घातलेल्या दोरीचे तुकडे मिळाले, आणि ओकच्या एका भल्यामोठ्या खोडातून फाडून काढलेली फळी मिळाली. अशी फळी काढण्याचं तंत्र ब्रिटनमध्ये त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी आलं, असं तोवर मानत होते. तिथे होड्या बनवत असावेत, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे. 2015 मध्ये त्याच गाळात गव्हाचा डीएनए मिळाल्याचंही जाहीर झालं, म्हणजे ब्रिटनमध्ये शेती यायच्या दोन हजार वर्षं आधी गहू! त्यावर लगेच जोरदार आक्षेप घेतले गेले. माझं मत विचाराल तर फळीवर माझा पूर्ण विश्वास आहे, गव्हावर अजून नाही.

डेन्मार्कमधलं ट्युब्रिंड विग हे ठिकाण तर याहून उथळ, किनाऱ्यापासून जेमतेम तीनशे मीटरवर. 1978 ते 1987 या काळात तिथे उत्खनन झालं. सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीचे कोळी तिथे राहत होते. त्यांच्या वल्ह्यांच्या पात्यांवर नक्षी कोरून तिच्यात तपकिरी रंग भरलेला आहे. लिंडेनच्या खोडातून कोरलेल्या होड्या आहेत, आणि एका होडीत चक्क मातीची शेकोटी आहे, बहुधा रात्री उजेडावर वाम पकडण्यासाठी. हाडाचा एक गळ आहे, त्याला दोरी अजून बांधलेली. ती गाठ कुणाच्या तरी बोटांनी आवळली आणि ती सुटलेली नाही! जमिनीवर हाच गळ सापडला असता तर नुसतं हाड हाती आलं असतं, आणि तेवढ्यावर कुणीतरी दोरीबद्दल लेख लिहिला असता.

इथवर ऐकलं की लोक म्हणतात, वा, म्हणजे पाण्यात काहीही टिकतं. तसंही नाही. फ्रान्समध्ये मार्सेजवळ कॉस्के गुहा आहे. तिचं तोंड समुद्रात 37 मीटर खोल. तिथून लांबलचक बोगद्यानं वर चढत गेलं की हवा असलेलं दालन लागतं. आँरी कॉस्के हा पाणबुड्या 1985 मध्ये तिथे पोचला. भिंतींवर हातांचे ठसे, घोडे, पेंग्विनसारखे दिसणारे ऑक पक्षी. काही चित्रं सुमारे 27 हजार वर्षांपूर्वीची. पण चित्रं आहेत ती पाण्याच्या वरच्या भिंतींवर. गुहेचा बराच मोठा भाग पाण्यात आहे आणि तिथली चित्रं धुऊन गेली. रंगाला पाणी मानवत नाही, लाकडाला चिखल मानवतो. प्रत्येक वस्तूचा हिशेब वेगळा.

खंबातच्या आखाताबद्दलही हमखास विचारतात. 2001 मध्ये तिथल्या समुद्रतळाच्या ध्वनिप्रतिमांवरून बुडालेल्या नगराची घोषणा झाली, आणि खालून ओढून आणलेल्या एका लाकडाचं वय सुमारे साडेनऊ हजार वर्षं निघालं. वय बरोबर असेलही. पण आत्ताच सांगितलं तसं, गाळात लाकूड हजारो वर्षं टिकतं. जुनं लाकूड सापडणं म्हणजे जुनं नगर सापडणं नव्हे. त्या आखातात भरती-ओहोटीचे प्रवाह प्रचंड आहेत, वस्तू कुठून कुठे वाहत जातात. लाकूड कोणत्या थरात होतं, शेजारी काय होतं, त्यावर हत्याराची खूण आहे का, हे कळल्याशिवाय मी तरी त्यावर एक विटही रचणार नाही.

याउलट इस्राएलच्या किनाऱ्यालगतचं अतलित याम पाहा. 1984 मध्ये सापडलेलं हे गाव सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं, आज 8 ते 12 मीटर पाण्याखाली. तिथे दगडांनी बांधलेली विहीर आहे आणि तिचा वरचा भाग कचऱ्यानं भरलेला. पाणी मचूळ होत गेलं, विहीर निकामी झाली, लोकांनी तिचा उकिरडा केला. समुद्र दारात यायच्या आधी विहिरीत आला होता. त्याच किनाऱ्यावर तेल ह्रेझ या सात हजार वर्षांपूर्वीच्या गावातल्या लोकांनी समुद्राच्या बाजूला मोठमोठ्या दगडांची शंभर मीटरहून लांब भिंत घातली होती. ते दगड त्यांना एक-दोन किलोमीटरवरून आणावे लागले. भिंत आज पाण्याखाली आहे, गावासकट.

आता माझ्या कामाकडे येते, कारण दुसरा ठरलेला प्रश्न तोच असतो: एवढं चांगलं टिकतंय तर सगळं वर का काढत नाही?

वर काढलं की संकट सुरू होतं म्हणून. जिवाणूंनी लाकडातलं सेल्युलोज, म्हणजे त्याला बळकटी देणारा भाग, खाऊन टाकलेलं असतं आणि त्याची जागा पाण्यानं घेतलेली असते. बाहेरून दांडा अगदी ताजा दिसतो, पण बोटानं दाबला तर भिजलेल्या स्पंजासारखा खचतो. तो उन्हात ठेवला तर पाणी बाहेर पडताना पेशींच्या पोकळ भिंती आत ओढून घेतं. दांडा आकसतो, पिळवटतो, तडकतो. आठ हजार वर्षं टिकलेली वस्तू एका दुपारीत संपते. म्हणून सापडल्या क्षणापासून ती गार, अंधाऱ्या पाण्यात. मग आतल्या पाण्याच्या जागी हळूहळू पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन मुरवायचं, आज थोडं, काही आठवड्यांनी आणखी थोडं. शेवटी गोठवून निर्वातात सुकवायचं, म्हणजे बर्फाची थेट वाफ होते आणि पेशी ओढल्या जात नाहीत. हाताएवढ्या तुकड्यालाही महिनोन् महिने लागतात, होडीला वर्षं. टाक्या मोजक्या, पैसा त्याहून मोजका. वर काढून टाकीअभावी खराब झालेल्या वस्तू मला समुद्रात राहिलेल्यांपेक्षा जास्त टोचतात.

म्हणून उचलायचं ते प्रवाहानं उघडं पाडलेलं तेवढंच. बोल्डनरच्या कड्याचा गाळ प्रवाह दरवर्षी खात असतो, तिथे थांबून चालत नाही. पण जिथे थर अजून झाकलेला आहे तिथे मी खणण्याच्या विरोधात मत देते, आणि त्यावरून बैठकीत वाद होतात. थराची कड उघडी पडायला लागली असेल तर तिच्यावर वाळूच्या गोण्या रचाव्यात, दरवर्षी जाऊन पाहून यावं आणि सरकलेल्या गोण्या पुन्हा नीट लावाव्यात. टाकीपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.