पट्टीवरचा रंग आणि मनीची किडनी

आज आमच्या मांजरीच्या, मनीच्या लघवीच्या तपासणीत रंग बदलणाऱ्या चाचणी-पट्टीवर प्रोटीन 'दोन प्लस' आलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. बारा वर्षांची आहे ती, या वयात किडनीचीच भीती असते.

डॉक्टर मॅडमनी मात्र शांतपणे समजावलं. मांजरांची लघवी मुळातच खूप घट्ट. शिवाय निरोगी मांजराच्या लघवीतही कॉक्सिन नावाचं प्रोटीन असतं, नसबंदी न झालेल्या बोक्यांत तर भरपूर. त्यामुळे किडनी ठणठणीत असली तरी पट्टीचा रंग बदलू शकतो.

भरवशाची तपासणी म्हणजे यूपीसी, लघवीतलं प्रोटीन भागिले क्रिएटिनिन (किडनी लघवीतून बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ). यात लघवी घट्ट की पातळ हा प्रश्नच राहत नाही. मांजरात ०.२ च्या खाली ठीक, ०.४ च्या वर काळजीचं, मधलं काठावरचं. पण आधी संसर्ग किंवा रक्तस्राव नाही हे बघायचं. आकडा वाढलेला आला तरी दोनेक आठवड्यांत पुन्हा तपासायचं, एका नमुन्यावर निदान करायचं नाही.

मला हे फार पटलं. घरी मांजर असेल तर पट्टीवर थांबू नका, यूपीसी आवर्जून करायला सांगा. मनीचं रक्तही दिलंय, क्रिएटिनिन आणि एसडीएमएसाठी, म्हणजे किडनी कसं काम करतेय हे रक्तातून कळतं त्या तपासण्यांसाठी. रिपोर्ट यायचाय.